बाईंना सोबत हवी

बाईंनी ते वाक्य टाकलं तेव्हा धाकट्याच्या तोंडात उकडलेला बटाटा होता, त्यामुळे ख्रिस्ती मंडळीचा पाळक असलेल्या या मुलाला आपल्या जन्मदात्या आईला ताबडतोब उत्तर देता आलं नाही. बटाटा चांगलाच गरम होता. तो घशाखाली उतरेपर्यंत खालच्या लाँड्रीतलं मोठं यंत्र कपडे पिळताना कसं घरघरतं ते सगळ्यांनी फार मन लावून ऐकलं.

"उद्या मी नव्यांच्या रांगेत उभी राहणार आहे," असं बाई म्हणाल्या होत्या. "माझी सोबत आजवर कुणीच केलेली नाही. जरा मीठ द्या इकडे."

मीठ थोरल्या सुनेनं सरकवलं. या घरात मागितल्याबरोबर मिळणाऱ्या बहुतेक गोष्टी तिच्याच हातून मिळायच्या, त्यामुळे तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोबतीचा रविवार होता. त्यांच्या मंडळीत बाप्तिस्मा झाला की गंगेत घोडं न्हालं, असं कधीच नव्हतं. "पाण्यातून वर आलेला माणूस नुसता ओला असतो," असं थोरलीचे सासरे म्हणत, "शिष्य व्हायचं तर त्याला चालावं लागतं." मंडळी त्यांनीच उभी केली होती, तिथली बाकं त्यांनीच ठोकली होती आणि नियमही तसेच ठोकून बसवले होते. नव्या माणसानं वर्षभर एका जुन्या माणसाबरोबर चालायचं. दर आठवड्याला एकत्र बसायचं, शास्त्र वाचायचं, आजाऱ्यांकडे जायचं, आपलं काय चुकतं ते तोंडावर ऐकून घ्यायचं. तेवढं वर्ष मागच्या बाकावर बसायचं आणि कुणालाही काही शिकवायला जायचं नाही. त्या जुन्या माणसाला सोबती म्हणायचं, बाई असेल तर सोबतीण. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की जो स्वतः कुणाचा शिष्य झाला नाही त्यानं दुसऱ्याची सोबत करायची नाही. सासरे गेले, नियम राहिले.

आणि बाईंनी तर मंडळीतल्या निम्म्या बायकांची सोबत केलेली. पोटच्या मुलीची केली, थोरल्या सुनेची केली, आणि बाप्यांची सोबत बाप्यांनीच करायची हा रिवाज मोडून धाकट्याचीही केली, कारण त्या वर्षी तो दुसऱ्या कुणाच्या बापाला बधत नव्हता. मंडळीतल्या बायका-मुलींचा शास्त्राचा वर्ग त्या घ्यायच्या, म्हणून सगळी मंडळी त्यांना बाई म्हणायची. थोरली नवी नवरी होऊन आली तेव्हा आई म्हणाली होती. "घरात आई, वर्गात बाई," असं तिला बजावण्यात आलं. पण बाईंचा वर्ग नेमका सुटतो कधी हे तिला कधी उमगलं नाही, म्हणून ती घरातही बाईच म्हणत राहिली.

"कुणीच नाही म्हणजे?" बटाट्यातून मोकळा झालेला पाळक म्हणाला. "त्या उपदेशकांच्या पत्नीनं केली ना तुझी सोबत? बाबा नेहमी सांगायचे."

बाईंनी मीठ भुरभुरवत सगळं सांगितलं. मंडळी सुरू झाली तेव्हा बाहेरून एक उपदेशक आले होते. ते बाबांबरोबर चालले. त्यांच्या पत्नी बाईंबरोबर चालणार होत्या, पण त्या लगेचच आजारी पडल्या आणि माहेरी निघून गेल्या. बाबा बाकं ठोकण्यात गुंतलेले, त्यांना वाटलं, झालं असेल. बाईंना वाटलं, आपण बाबांची बायको, तेव्हा घरातल्या घरात धरलं जात असेल. पुढच्या वर्षी एक मुलगी रडत रडत आली, म्हणाली, माझ्याबरोबर चालाल का, आणि बाई हो म्हणून गेल्या. त्यानंतर कुणी विचारलं नाही, आणि बाईही मूग गिळून बसल्या.

"मग आजच का आठवलं?" थोरलीच्या नवऱ्यानं विचारलं.

"परवा वर्गात एका नव्या मुलीनं विचारलं, बाई, तुमची सोबतीण कोण होती. मी तिला रागावले. वर्गात मधे बोलू नये म्हणाले." बाईंनी काटा खाली ठेवला. "पोरीचं काय चुकलं होतं?"

पाळकाचा चेहरा उतरला. गेल्याच महिन्यात त्यानं याच विषयावर उपदेश केला होता आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं भर उपासनेत मुठी आपटून विचारलं होतं. आता तो मनातल्या मनात पोहरे मोजत असावा. आईनं त्याची सोबत केली, त्यानं मंडळीतल्या अर्ध्या पुरुषांची केली, त्यांनी आणखी कुणाकुणाची. वरची कडीच भिंतीत नाही म्हटल्यावर खाली लोंबणाऱ्यांचं काय करायचं?

थोरलीची नणंद, म्हणजे बाईंची मुलगी, मोठ्या दवाखान्यात परिचारिका होती. तिनं हात पुसले, खुर्ची आईजवळ ओढली आणि दवाखान्यातला मऊ आवाज काढला. "आई, आज वार कोणता गं?"

"शनिवार. काल शुक्रवार होता, आणि उद्या रविवार असून तू उपासनेला उशिराच येशील."

थोरल्याला हसू फुटलं. नणंदेनं तरी चिकाटी सोडली नाही. सकाळी काय खाल्लं, गोळी कोणत्या रंगाची घेतली, शेजारणीच्या मुलाचं लग्न कधी झालं, सगळं विचारून घेतलं. बाईंनी सगळं बिनचूक सांगितलं आणि वर म्हणाल्या, की त्या लग्नात तू माझी शाल नेली होतीस ती अजून परत आलेली नाही. डोकं शाबूत आहे म्हटल्यावर नणंदेचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट ती जास्तच घाबरी झाली, कारण आजार असता तर त्यावर काय करायचं ते तिला ठाऊक होतं.

"आणि सोबतीण ठरलेली आहे," बाई म्हणाल्या. "थोरली."

थोरलीला आधी वाटलं, बाईंना आणखी काहीतरी हवंय. ती पावाची टोपली उचलायला निघाली सुद्धा. मग सगळे तिच्याचकडे बघताहेत हे लक्षात आलं आणि ती टोपली हातात धरून तशीच उभी राहिली.

"ही?" नणंद म्हणाली. "अगं, हिची सोबत तूच केलीस. आता तू हिची शिष्या? मग ती साखळी कसली राहिली आई, बांगडी झाली."

त्यानंतर जे सुरू झालं त्यात कोण कुणाच्या बाजूनं आहे हे दर चहाच्या घोटाला बदलत गेलं. आधी बहीणभाऊ एक झाले. दोघांचं म्हणणं, हे सगळं घरातल्या घरात उरकावं, मंडळीपुढे तमाशा कशाला. पाळक म्हणाला, मी स्वतः आईसाठी प्रार्थना करतो, तिच्या डोक्यावर हात ठेवतो, वाटलं तर वर्षभर तिच्याबरोबर बसतो, पण रांगबिंग नको. एवढं ऐकल्यावर नणंद उलटली. धाकट्याच्या हाती गेलेली कुठलीही गोष्ट पुढच्या रविवारी उपदेशात येते, हे सगळ्या घराला माहीत होतं. थोरलीच्या लाँड्रीतले डाग त्यानं आजवर इतक्यांदा पापासाठी वापरले होते, की गिऱ्हाइकं तिच्या काउंटरवर शर्ट टाकताना ओशाळायची. तेव्हा सोबत करायचीच तर मुलीनं करावी, असं नणंदेनं जाहीर केलं, आणि जाहीर करता करता तिचा आवाज भरून आला.

"मी काय मेले होते का, आई? ही तुला आधी आठवली?"

मग थोरल्यानं तोंड उघडलं. तो सहसा या भानगडीत पडायचा नाही, लाँड्रीचा बॉयलर आणि आपण भले, अशातला तो. पण बायकोचा पडलेला चेहरा त्याला बघवला नसावा. तो म्हणाला, धाकटा म्हणतो तेच बरोबर आहे, घरातच करा, हिला कशाला मधे ओढता, हिला चार माणसांत बोलायला जमत नाही.

तो मायेनं बोलला होता आणि खरं बोलला होता, म्हणूनच थोरलीला ते जास्त लागलं. या मंडळीत येऊन तिच्या केसांत पांढरं आलं होतं, पण तिथं तिनं कधी मोठ्यानं प्रार्थना पुरी केली नव्हती, साक्ष दिली नव्हती. तिच्याकडे सोबत मागायला कुणी आलं नव्हतं. देवाशी ती बोलायची ती इस्त्री करताना. ज्याचा शर्ट समोर असेल त्याच्याबद्दल दोन शब्द सांगायची, याला कामावरून काढलंय, हिचा नवरा पुन्हा प्यायला लागलाय. ती प्रार्थना होती की चहाडी, हे तिचं तिलाच कळत नसे. आणि अशा बाईनं उद्या सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं, मी यांच्यासोबत चालेन. कुणाबरोबर, तर बाईंबरोबर. नाही म्हणावं तर म्हातारीनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलेलं. हो म्हणावं तर तोंडातून शब्द निघेल की नाही याची खात्री नाही. तिला एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती. ती काय म्हणते हे एवढ्या वेळात कुणीही विचारलेलं नव्हतं.

तिनं बशा गोळा केल्या आणि ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं मागून काठीचा आवाज आला. बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी काठीनंच दार लोटून घेतलं.

"मी का?" थोरलीनं पाठ न वळवता विचारलं.

"कारण तुला माझं काही लागलं नाही."

थोरली वळली. हातांवरून फेस ओघळत होता.

"धाकटा उपदेश करतो तेव्हा मी ऐकते, तर माझीच वाक्यं," बाई म्हणाल्या. "खोकतोसुद्धा मी खोकते तिथं. पोरगी प्रार्थना करते ती माझ्या चालीत. त्यांच्यापैकी कुणाकडे गेले तर ते माझंच ताट मला वाढतील. तू एकटी अशी, की वर्षभर माझ्यापाशी बसलीस आणि आलीस तशी गेलीस. मला तेव्हा वाटायचं, ही मठ्ठ आहे."

"आणि आता?"

"आता माहीत नाही. म्हणून तर विचारतेय."

ही स्तुती की निंदा, थोरलीला ठरवता येईना. बाई मग म्हणाल्या, की पाय मोडून त्या अंथरुणावर होत्या तेव्हा मदतीला येणाऱ्या कामवालीला त्यांनी नाही नाही ते सुनावलं होतं. थोरलीनं हातातलं भांडं खाली ठेवून म्हटलं होतं, आता पुरे, त्यांची माफी मागा. बाबा गेल्यापासून बाईंना पुरे म्हणणारं माणूस घरात उरलं नव्हतं, मंडळीत तर नाहीच. पुरे म्हणणारं कुणी नसलं की माणूस वाढत जातं, असं बाई म्हणाल्या, आणि मग एकदम अधीर झाल्या.

"चल, पहिला प्रश्न विचार."

पहिल्या दिवशी सोबतिणीनं विचारायचा प्रश्न ठरलेला होता. कुणाचं मन दुखवून आली आहेस? तो प्रश्न बाईंनी आजवर किती जणींना विचारला असेल याला गणती नव्हती. थोरलीनं तो विचारला, आणि वर्गात पहिला नंबर काढणाऱ्या मुलीसारखी बाईंनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. भाजीवालीचं दुखवलं, तिच्या वजनकाट्यावरून. शेजारणीचं, तिच्या मुलाच्या लग्नात. बाबांचं एकदा, ते मात्र फार वाईट, ते सांगताना बाईंचा आवाज कापला. परवाच्या त्या मुलीचं. मग बाई थांबल्या आणि त्यांनी वर पाहिलं. यादी संपली होती.

"एक राहिलं," थोरली म्हणाली.

तिनं सांगितलं तेव्हा तिचा आवाज तिलाच परका वाटला. ती नवीन होती. बायकांच्या सभेत मोठ्यानं प्रार्थना करायची तिची पाळी आली. ती एका शब्दाशी अडखळली, शब्द शोधत होती. तो सापडला असता. तेवढ्यात बाईंनी तिची प्रार्थना मधूनच उचलली, थेट आमेनपर्यंत नेली आणि डोळे उघडून सगळ्यांना म्हणाल्या, हिला अजून प्रार्थना येत नाही, शिकेल हळूहळू. बायका हसल्या. वाईट नाही हसल्या. पण त्यानंतर थोरलीनं तिथं तोंड उघडलं नाही.

"मी असं म्हणाले?"

"हो."

बाईंनी कपाळाला आठ्या घालून खूप आठवलं. "मला आठवत नाही गं," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं, हे थोरलीला दिसलं.

इतकी वर्षं इस्त्री करताना तिनं हा प्रसंग अनेकदा मनात रंगवला होता. त्यात बाई कधी माफी मागायच्या, कधी साफ नाकारायच्या, आणि दोन्हीची उत्तरं तिच्यापाशी तयार होती. पण आठवतच नाही, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. जे तिनं एवढं जपून ठेवलं ते समोरच्या माणसानं कधी उचललंच नव्हतं. तिला राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही विरून गेलं, आणि आपल्याला नेमकं काय वाटतंय हेच तिला कळेनासं झालं.

"मग आता मी काय करू?" बाईंनी विचारलं.

हे वाक्य थोरलीनं बाईंच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्यांनी बाईंना विचारायचं ते वाक्य होतं. तिला उत्तर माहीत नव्हतं, म्हणून माहीत होतं ते तिनं सांगितलं.

"नव्यांच्या रांगेत उभं राहायचं तर नव्यांसारखंच राहायचं. उद्यापासून मागचा बाक. आणि वर्ग वर्षभर बंद."

"वर्ग?"

"वर्ग."

"अगं, तिथं माझ्या मुली आहेत. मी त्यांना सोडून काय करू? आणि पायामुळे मला टेकून बसावं लागतं, म्हणून मी पुढे बसते, ते तुला माहीत आहे."

"मागच्या बाकालाही पाठ आहे, बाई."

बाई काठी टेकत उठल्या, बाहेरच्या तिघांकडे न पाहता आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

काय झालं ते थोरलीनं सांगितलं तेव्हा नणंद कडाडली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ती भावाला म्हणाली, पण थोरलीला ऐकू जाईल अशा बेतानं. वर्ग म्हणजे आईचा श्वास आहे, तो काढून घेतलास तर ती महिनाभर टिकणार नाही. थोरलीनं उलट उत्तर दिलं नाही, कारण नणंद चूक आहे असं तिला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. नियम सासऱ्यांचा होता, खरं. पण तो सांगताना आपल्या जिभेवर नियम होता की सूड, हे तिला किती खणलं तरी सापडेना. दोन्ही असेल तर? अर्ध्या सुडानं कुणाची सोबत करता येते का, हे बाईंनी वर्गात कधी शिकवलं नव्हतं.

नणंद पाय आपटत निघून गेली. थोरला खाली बॉयलरकडे गेला. पाळक मात्र रेंगाळला, आणि या घरात कधी न घडलेली गोष्ट घडली, त्यानं फडकं घेऊन बशा पुसायला सुरुवात केली.

"वहिनी, एक सांगू? मी उपदेश करताना आईच्या मानेकडे बघतो. ती हलली की पुढचं वाक्य. नाही हलली की मागे येऊन दुरुस्त करतो." तो एकच बशी पुन्हा पुन्हा पुसत होता. "ती मागे बसली तर मला दिसणार नाही."

"मग कसं करणार?"

"माहीत नाही." थोड्या वेळानं तो म्हणाला, "माझं ते वर्ष तरी खरं होतं का हो? तिच्याबरोबरचं?"

तो पाळक होता, शिकलेला होता आणि हे तो लाँड्रीवालीला विचारत होता. थोरलीला त्याची दया आली. "भाऊजी, त्या वर्षी तुम्ही दारू सोडलीत," ती म्हणाली. "ती खोटी सोडली होती का?"

त्यानं बशी खाली ठेवली.

रविवारी सकाळी थोरली बाईंना आणायला गेली तर खोली उघडी, पलंग आवरलेला, काठी जागेवर नाही. बाई एकट्याच निघून गेल्या होत्या. पायऱ्या उतरून, रस्ता ओलांडून, त्या पायानं. थोरल्यानं बायकोकडे पाहिलं आणि तो झपाझप चालू लागला.

उपासनेच्या खोलीत शिरल्याबरोबर थोरलीला बाई दिसल्या. पुढच्या बाकाशी, नेहमीच्या जागी, चार बायकांच्या घोळक्यात. तिच्या छातीवरचा दगड उतरला. बोलावं लागणार नव्हतं. सगळं होतं तसं राहणार होतं. आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय हे कळल्याबरोबर तिला स्वतःची अशी लाज वाटली, की ती मान खाली घालून मागच्या बाकावर जाऊन बसली.

तिनं मान वर केली तेव्हा बायकांचा घोळका फाकला होता. बाईंनी वाकून आपली उशी उचलली, काखेत मारली आणि त्या मधल्या वाटेनं मागे यायला लागल्या. दोघेतिघे हात द्यायला उठले. बाईंनी काठी हलवून त्यांना खाली बसवलं. गाणं सुरू व्हायचं होतं, पेटीवाली बोटं पट्ट्यांवर ठेवून नुसतीच बघत राहिली. बाई मागच्या बाकापर्यंत पोचल्या, धापा टाकत होत्या.

"सरक," त्या म्हणाल्या. "खिडकीशी नको, वारा लागतो."

नव्यांना पुढे बोलावलं तेव्हा बाई उठल्या आणि त्यांच्याबरोबर थोरली उठली. सगळ्या माना वळलेल्या होत्या. नणंद, आश्चर्य म्हणजे, वेळेवर आलेली होती आणि ओठ आवळून बसली होती. पाळकानं विचारलं, हिच्यासोबत कोण चालेल. थोरलीनं तोंड उघडलं. "मी यांच्यासोबत," एवढं बोलली आणि पुढचा शब्द आलाच नाही.

"चालेन," शेजारून बाई हळूच म्हणाल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काही उगाच नाही.

"बाई, मला येतंय," थोरली म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, कारण हळू बोलायचं तिला सुचलंच नाही. कुणीतरी फिसकन हसलं, आणि या वेळी ते तिला हसलं नव्हतं. बाईंचे कान लाल झाले. "मी यांच्यासोबत चालेन," थोरलीनं वाक्य पुरं केलं.

उपदेश अगदी वाईट झाला. जाळी सोडून येशूच्या हाकेमागे निघालेल्या कोळ्यांवर पाळक बोलायला लागला आणि पहिल्या काही वाक्यांनंतरच त्याची नजर पुढच्या रिकाम्या जागेवर जाऊन अडकली. तो थांबला, पुन्हा सुरू झाला, मधेच म्हणाला की जाळी सोडून देणं सोपं असेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी हातांना काय काम होतं त्यांच्या, हे मला कधी कळलेलं नाही. मग त्यावरच घुटमळला. डाग एकदाही आले नाहीत. आमेन तर इतकं अचानक म्हणाला, की अर्ध्या लोकांचे डोळे उघडेच होते.

"मला काही समजलं नाही," बाई म्हणाल्या.

"मलाही नाही," थोरली म्हणाली.

"पण हा असं कधी बोलला नव्हता." बाई त्या रिकाम्या व्यासपीठाकडे बघत होत्या. "यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. मग आता काय करायचं?"

उपदेशात असं काही न कळण्यासारखं राहिलं की बाई ते घरी धाकट्याला समजावून सांगत, हे थोरलीला माहीत होतं. तिनं क्षणभर विचार केला. "त्यांनाच विचारू," ती म्हणाली.

उपासनेनंतर पाळक दाराशी उभा राहायचा आणि लोक रांगेनं येऊन त्याचा हात हातात घ्यायचे. बाई त्या रांगेत कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्या आता उभ्या राहिल्या, एका नव्या मुलीच्या मागे. ही परवाचीच मुलगी, हे थोरलीला नंतर कळलं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं. मुलगी आधी दचकली, मग हसली. थोरली बाईंच्या मागे उशी धरून उभी होती.

आई समोर येताना पाहून पाळकाचा चेहरा पांढराफटक पडला. आता दुरुस्त्या होणार, असं त्याला वाटलं असणार, थोरलीलाही वाटलं.

"ते हातांचं मला समजलं नाही रे," बाई म्हणाल्या. "जाळी सोडून दिल्यावर हातांना काय काम. पुन्हा सांगशील?"

"मलाही पुरतं कळलेलं नाही, आई."

"बरं," बाई म्हणाल्या. "मग मी बघते आणि तुला सांगते." एवढं बोलून त्या थबकल्या. त्यांनी मागे वळून थोरलीकडे पाहिलं. बाई पुन्हा मुलाकडे वळल्या. "नाही. तुला कळलं की तू मला सांग."

त्यानं आईचा हात धरला तो सोडेचना. थोरलीला रडू आलं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिनं ते उशीलाच पुसले. मागची रांग खोळंबली होती, पण कुणी घाई केली नाही.